तारेवरचा कणवाला थर मण्यांत का फुटतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषयाचं पूर्ण नाव लांबलचक आहे, गोलाकार पृष्ठभागांवरून वाहणाऱ्या, कण असलेल्या पातळ द्रव थरांची अस्थिरता वगैरे. प्रकरण मात्र साधं आहे. एक तार, नळी, फायबर किंवा फिरता ड्रम घ्या, त्याच्यावर द्रवाचा पातळ थर म्हणजे फिल्म, आणि त्या फिल्ममध्ये बारीक घन कण. रंग, सिरॅमिक स्लरी, पिगमेंटवाली शाई, गाळ असलेलं पाणी, सगळं यात बसतं. ही फिल्म गुळगुळीत राहत नाही, तिचे मणी होतात, पट्टे होतात, ओघळ होतात. आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला अंदाज एकच असतो, की कण टाकले की द्रव दाट होणार, मग फिल्म जागच्या जागी राहणार. हे अर्धंच खरं आहे, उरलेलं अर्धं खाली येतंय.

कणांचं नंतर बघू, आधी सांगा साध्या द्रवाची फिल्म तरी का फुटते?

पृष्ठताणामुळे. म्हणजे ज्या पृष्ठताणामुळे सपाट भिंतीवरचा ओला रंग स्वतःहून लेव्हल होतो, तोच तारेवर उलटा वागतो. तारेवरच्या फिल्मला दोन दिशांनी वाक असतो, एक तारेभोवती आणि दुसरा तारेच्या लांबीत. समजा एका ठिकाणी फिल्म चुकून जराशी पातळ झाली, तर तिथला घेर लहान होतो, घेर लहान झाला की वाक जास्त, वाक जास्त की आतला दाब जास्त, आणि दाब जास्त झाला की तिथला द्रव शेजारच्या जाड भागाकडे ढकलला जातो. म्हणजे पातळ भाग आणखी पातळ, जाड भाग आणखी जाड. लांबीच्या दिशेचा वाक याच्या विरुद्ध काम करतो, तो उंचवटे मोडायला बघतो, पण उंचवटे फार जवळजवळ असतील तरच त्याचा जोर पुरतो. लाट तारेच्या घेरापेक्षा लांब असली की त्याचं काही चालत नाही.

घेराची ही अट बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटो यांनी प्रयोगातून काढली, त्यांचा मोठा ग्रंथ १८७३ चा. तेल आणि तेवढ्याच घनतेचं अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण असं जमवून त्यांनी गुरुत्वाकर्षण खेळातून बाहेरच काढलं होतं. आणि हे करताना त्यांची दृष्टी गेलेली होती, १८४३ च्या सुमारासच, मग प्रयोग दुसऱ्यांच्या हातांनी आणि डोळ्यांनी. मला हा भाग गणितापेक्षा जास्त थक्क करतो.

मणी साधारण सारख्याच अंतरावर का येतात?

कारण अनेक लाटा एकदम वाढायला लागतात पण सगळ्यांचा वेग सारखा नसतो, जी सगळ्यात झपाट्यानं वाढते ती बाकीच्यांना मागे टाकते. लॉर्ड रेले यांनी १८७८ मध्ये मोकळ्या धारेसाठी हा हिशोब केला, तिथं सगळ्यात वेगवान लाट त्रिज्येच्या सुमारे ९ पट निघते. तारेवरच्या पातळ फिल्मसाठी आकडा ८.८९ पट. म्हणजे दोन्हीकडे जवळपास नऊ पट असं डोक्यात ठेवलं तरी काम भागतं. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या तारेवर मणी सव्वादोन मिलिमीटरवर, दोन मिलिमीटरच्या तारेवर नऊ मिलिमीटरवर. कोळ्याच्या जाळ्याच्या चिकट धाग्यावर जे एकसारखे टिपके दिसतात तेही असेच, कोळी एकेक थेंब लावत बसत नाही, तो डिंकाचा थर देतो आणि पुढचं काम पृष्ठताण करतो.

आता इथं एक गोष्ट नीट बघा, या अंतरात व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा दाटपणा, कुठंच नाही. मध असो, पाणी असो, अंतर तेच. हे पुढं कणांच्या वेळी कामाला येणार आहे.

आणि वेळ किती लागतो?

वेळेत मात्र सगळं येतं. पातळ फिल्मसाठी हिशोब असा, १२ गुणिले व्हिस्कॉसिटी गुणिले त्रिज्येचा चौथा घात, भागिले पृष्ठताण गुणिले जाडीचा घन. हा झाला उंचवटा पावणेतीन पट व्हायला लागणारा वेळ. सुरुवातीचा खडबडीतपणा एखाद्या टक्क्याचा असेल तर डोळ्याला मणी दिसायला असे चार-पाच टप्पे जावे लागतात.

उदाहरण घ्या. पाव मिलिमीटर त्रिज्येची तार, ५० मायक्रॉनची फिल्म, पाण्याच्या ५० पट दाट सिलिकॉन तेल, त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी. एक टप्पा येतो सुमारे ०.९ सेकंदाचा, म्हणजे चार सेकंदांत माळ तयार. आता फिल्म निम्मी करा, २५ मायक्रॉन, वेळ आठ पट, टप्पा सात सेकंदांवर गेला. जाडीचा घन म्हणतात तो हा. कोटिंग करणारी माणसं जाडीला एवढी का जपतात ते यावरून कळेल, व्हिस्कॉसिटी दुप्पट करून वेळ दुप्पटच मिळतो, जाडी निम्मी करून आठपट.

आता कण टाकले. काय बदलतं?

कण अगदी बारीक असतील, फिल्मच्या जाडीपेक्षा खूप लहान, आणि सगळीकडे सारखे पसरलेले असतील, तर एकच गोष्ट बदलते, व्हिस्कॉसिटी. थोडे कण असताना आइन्स्टाइन यांचं सूत्र चालतं, घनफळाच्या दर १ टक्का कणांमागे व्हिस्कॉसिटी २.५ टक्के वाढते. १९०६ च्या मूळ पेपरात हा २.५ चा आकडा १ असा पडला होता, प्रयोगवाल्यांचे आकडे जुळेनात म्हणून गणित परत तपासलं गेलं आणि १९११ मध्ये दुरुस्ती छापली. जास्त कण असले की हे सूत्र तोकडं पडतं आणि क्रीगर-डोहर्टी यांचं १९५९ चं सूत्र वापरतात, त्यात गोल कण एकमेकांत अडकून बसण्याची मर्यादा साधारण ६४ टक्के धरली तर, २० टक्क्यांना व्हिस्कॉसिटी जवळपास १.८ पट, ४० ला पावणेपाच पट, ५० ला अकरा-साडेअकरा पट. म्हणजे वरची चार सेकंदांत होणारी माळ ५० टक्के कणांनी पाऊण मिनिटावर गेली.

गेली, पण टळली नाही. अंतर तेच सव्वादोन मिलिमीटर, अट तीच घेराची. कण इथं फक्त घड्याळ हळू करतात.

मग कण फिल्म स्थिर करतात की अस्थिर? एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येत आणि कोणी सांगत असेल तर विचारा की कण सारखे पसरलेले राहिले का. तिथंच घोडं पेंड खातं. वरचा सगळा हिशोब "सारखे पसरलेले" यावर उभा आहे आणि वाहत्या फिल्ममध्ये कण सारखे पसरलेले राहतच नाहीत. जड असतील तर खाली बसतात, हलके असतील तर वर येतात, आणि घनता अगदी द्रवाएवढी जुळवली तरीसुद्धा वाहण्यामुळेच इकडून तिकडे सरकतात. एकदा कुठं कण जास्त कुठं कमी झाले की व्हिस्कॉसिटीही जागोजाग वेगळी, मग वेगही वेगळा, मग जाडीही वेगळी, आणि जाडीचा तर घन होतो. म्हणजे मूळ अस्थिरता मंद होते पण तिच्या सोबतीला एक नवीन अस्थिरता येते जी साध्या द्रवात नव्हतीच. कण टाकून प्रॉब्लेम सुटला असं वाटतं तेव्हा बरेचदा तो फक्त दुसरीकडे निघालेला असतो.

घनता जुळवलेली असतानाही कण का सरकतात?

शेअरमुळे. द्रवाचे थर एकमेकांवरून घसरतात तेव्हा त्यातले कण एकमेकांवर आपटतात, एकमेकांना चुकवतात, आणि प्रत्येक वेळी थोडे बाजूला ढकलले जातात. जत्रेत जिथं धक्काबुक्की जास्त तिथून माणसं आपोआप मोकळ्या कडेला निघतात, तसं. वाहणाऱ्या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त शेअर तारेला चिकटलेल्या बाजूला आणि हवेच्या बाजूला शून्य, म्हणून कण हळूहळू बाहेरच्या पृष्ठभागाकडे जमतात.

याची पायाभरणी अँड्रियास अ‍ॅक्रिव्हॉस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली, गडाला-मारिया यांच्याबरोबरचं काम १९८० चं आणि लेटन यांच्याबरोबरचं १९८७ चं. गंमत म्हणजे सुरुवात एका त्रासदायक निरीक्षणातून झाली, व्हिस्कॉसिटी मोजायच्या यंत्रात सस्पेन्शन, म्हणजे कण मिसळलेला द्रव, तासन् तास फिरवलं की रीडिंग उतरत जायचं. यंत्र ठीक होतं, कणच मोजण्याच्या फटीतून निघून शेजारच्या शांत द्रवात जात होते.

किती लांब वाहिल्यावर हे जाणवतं? अंदाजाला फिल्मच्या जाडीचा घन भागिले कणाच्या त्रिज्येचा वर्ग. १०० मायक्रॉनची फिल्म आणि १० मायक्रॉन त्रिज्येचे कण असतील तर १ सेंटीमीटर, त्याला पुढं एक गुणक लागतो जो कण किती दाट आहेत त्यावर ठरतो, कण विरळ असतील तर तो बराच मोठा. म्हणजे सेंटीमीटरांत किंवा फार तर काही दहा सेंटीमीटरांत काम झालेलं असतं. हेच कण १ मायक्रॉनचे केले तर अंतर शंभर पट, मीटरभर किंवा त्याहून जास्त, मग तुमची तार संपेल पण कण सरकणार नाहीत. बारीक पिगमेंटचे रंग शहाण्यासारखे वागतात आणि भरड स्लरी वागत नाही, त्याचं एक कारण हे.

आणि कण बाहेर आले की पृष्ठभागाची चमक जाते, तो खरखरीत, मॅट दिसायला लागतो. कण हवेच्या सीमेवर आतून ढुशा देत असतात आणि पृष्ठताण त्यांना आत ठेवत असतो, त्या ओढाताणीची ही खूण. लाइट तिरका टाकून बघा, लगेच कळतं.

तार उभी धरली आणि द्रव खाली ओघळत असला तर?

मग दोन गोष्टींची शर्यत लागते, एकीकडे मणी वाढायला बघतात, दुसरीकडे प्रवाह त्यांना ताणून खाली नेतो. फ्रान्सच्या डेव्हिड केरे यांनी १९९० मध्ये दाखवलं की फिल्म एका ठरावीक जाडीपेक्षा पातळ असेल तर प्रवाह जिंकतो, लहान लाटा येतात पण मोठे थेंब होत नाहीत. ती मर्यादा तारेच्या त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढते. पाव मिलिमीटर त्रिज्या आणि सिलिकॉन तेल असेल तर दहा-एक मायक्रॉन, म्हणजे फारच थोडी.

आता कण टाकून ही मर्यादा वाढेल का असं बरेच जण विचारतात. नाही. मण्यांची वाढ व्हिस्कॉसिटीनं मंद होते आणि ओघळणंही त्याच प्रमाणात मंद होतं, भागाकारात व्हिस्कॉसिटी उडून जाते. शर्यतीतले दोघंही सारखेच दमले तर निकाल तोच राहणार. कण जड असतील तर घनता वाढते म्हणून मर्यादा जराशी हलते, तेवढंच.

जाड फिल्मला मणी होतातच, आणि ते कसे चालतात हे वरून किती द्रव सोडता त्यावर. क्लियाखांडलर, डेव्हिस आणि बँकॉफ यांचा २००१ चा प्रयोग यात फार सुंदर आहे. प्रवाह जास्त असेल तर मणी अनियमित, वेगवान मणी पुढच्या सावकाश मण्यावर जाऊन आपटतो. मधल्या प्रवाहाला सगळे मणी एका अंतरानं, एका वेगानं, परेडसारखे खाली येतात. आणि प्रवाह फारच कमी केला की मोठे मणी लांब लांब, आणि मधल्या पातळ फिल्मवर छोटे मणी उगवतात जे मागून येणारा मोठा मणी गिळत जातो.

यात कण असतील तर मोठ्या मण्याकडे जरा लक्ष ठेवा. मण्याबरोबर आपणही खाली चाललोय असं धरून बघितलं तर त्याच्या आत द्रव गोल गोल फिरत असतो आणि त्या भोवऱ्यात सापडलेला कण सहज सुटत नाही. त्यात कण जड असतील तर ते द्रवापेक्षा थोडे पुढं पळतात आणि ओघळाच्या तोंडाशी जमतात. सपाट उतारावर हा प्रकार नीट अभ्यासलेला आहे, २००५ मध्ये झोऊ, डुप्वी, बर्टोझी आणि होसोई यांनी दाखवलं की उतार आणि कणांचं प्रमाण दोन्ही जास्त असलं की तोंडाशी कणांचा जाड उंचवटा बनतो, दोन्ही कमी असलं की कण खाली बसतात आणि वरून स्वच्छ द्रव निघून जातो. उभी तार ही उताराची शेवटची पायरी, त्यामुळे तिथं उंचवट्याचीच अपेक्षा धरा.

फिरत्या ड्रमवर पट्टे पडतात म्हणे, ते काय?

हा माझा या सगळ्यातला आवडता भाग. आडवा सिलिंडर घ्या, अर्धवट भरा, आत दाट द्रव आणि त्याच घनतेचे, एकाच मापाचे कण, सगळं नीट ढवळलेलं. आता सिलिंडर सावकाश फिरवा. काही वेळानं कण लांबीच्या दिशेनं पट्ट्यांत जमतात, एक पट्टा कणांनी गच्च, शेजारचा जवळजवळ रिकामा, परत गच्च. घनतेत फरक नाही, मापात फरक नाही, तरी वेगळे होतात. महेश तिरुमकुडुलू, अ‍ॅक्रिव्हॉस आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये केलेले हे प्रयोग १९९९ आणि २००० मध्ये छापून आले, आणि तिरुमकुडुलू पुढं आपल्याकडे पवईला आयआयटी मुंबईत केमिकल इंजिनिअरिंगला प्राध्यापक झाले. ओल्या कणवाल्या फिल्म्स वाळताना त्यांना तडे का जातात यावरही त्यांचं काम आहे, रंगवाल्यांनी जरूर बघावं.

पट्टे का पडतात याचं स्पष्टीकरण थोडक्यात असं. जिथं योगायोगानं कण थोडे जास्त, तिथं व्हिस्कॉसिटी जास्त, म्हणून तिथं फिरती भिंत द्रव वेगळ्या प्रमाणात ओढून वर नेते, त्यामुळे द्रवाचा आकार लांबीच्या दिशेनं असमान होतो, त्या असमानतेतून आडवे प्रवाह सुरू होतात आणि ते कणांना आणखी त्याच जागी आणून सोडतात. म्हणजे परत तीच गोष्ट, कणांच्या वाटपातला छोटा फरक स्वतःलाच खतपाणी घालतो. या अस्थिरतेचं बीज पृष्ठताणात नाही, कणांमुळे बदलणाऱ्या व्हिस्कॉसिटीत आहे.

बाहेरून थर दिलेला रूळ फिरवायचा असेल तर आणखी एक अट आहे, वेग पुरेसा हवा नाहीतर द्रव खाली गळतो. किती वेगाला किती जाड थर टिकतो हे मॉफट आणि पुखनाचेव्ह यांनी १९७७ मध्ये वेगवेगळं मांडलं. तिथं मात्र कण मदत करतात, व्हिस्कॉसिटी वाढली की त्याच वेगाला जाड थर धरून ठेवता येतो.

माझे कण फिल्मच्या जाडीपेक्षा मोठे आहेत. मग?

मग वरचं सस्पेन्शनला-एक-दाट-द्रव-समजा हे विसरा. असा कण फिल्ममधून डोकं वर काढतो, त्याच्याभोवती द्रव चढतो, आणि फिल्मला तिथं आयता उंचवटा मिळतो. मणी मग स्वतःच्या आवडत्या अंतरावर न येता कण जिथं बसलेत तिथं यायला लागतात. जवळचे दोन कण त्यांच्या मधल्या वाकलेल्या पृष्ठभागामुळे एकमेकांकडे ओढलेही जातात आणि गठ्ठे करतात.

तार सस्पेन्शनमध्ये बुडवून वर काढत असाल तर आणखी एक सोय आहे. सावकाश काढली तर फिल्म पातळ येते आणि मोठे कण भांड्यातच मागे राहतात, जोरात काढली तर फिल्म जाड येते आणि कण बरोबर येतात. पातळ फिल्मच्या बाबतीत जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घातानं वाढते, लँडाऊ आणि लेव्हिच यांचा १९४२ चा नियम, तारेसाठीही घात तोच. यावरून वेग बदलून कण मापाप्रमाणे वेगळे करण्याची युक्तीसुद्धा लोकांनी करून दाखवली आहे, चाळणीशिवाय चाळणं.

आणि नॅनो कण?

त्यांना ढकलाढकलीचा फारसा फरक पडत नाही, ते ब्राउनियन हालचालीनं, म्हणजे द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणाऱ्या भटकंतीनं, आपले आपण पसरलेले राहतात. पाण्यात १० नॅनोमीटर त्रिज्येचा कण इतका चपळ असतो की सेकंदाला हजारचा शेअर लावला तरी त्याची आपली भटकंतीच भारी पडते. त्यांचा धोका वेगळा, ते हवेच्या सीमेवर जाऊन बसले तर तिथं साय धरल्यासारखं कातडं तयार होतं आणि मग पृष्ठताणाचा साधा हिशोब लागू राहत नाही.

साखर कारखान्यातल्या नळ्यांवर असे मणी का नाही दिसत?

नळी मोठी आहे म्हणून. फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे रस आटवायच्या यंत्रात, रस उभ्या नळ्यांच्या आतून पातळ थरात उतरतो. २० मिलिमीटर त्रिज्या आणि अर्धा मिलिमीटर पाण्यासारखी फिल्म धरा, वरच्या सूत्रानं एक टप्पा साडेतीन मिनिटांचा येतो. आणि तेवढी फिल्म सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास खाली पळत असते, मणी जमायच्या आत नळीच संपते. तिथं ज्या लाटा दिसतात त्या जडत्वाच्या, कापित्सा बाप-लेकांनी १९४८-४९ मध्ये अभ्यासलेल्या. प्योत्र कापित्सा त्या काळात स्टालिनच्या मर्जीतून उतरले होते, संस्थेतून काढलेले होते, आणि मॉस्कोबाहेरच्या आपल्या दाच्यात, म्हणजे गावाबाहेरच्या घरात, घरगुती सामानावर हे प्रयोग करत होते.

नळीत खरा त्रास देतात ते क्षार आणि गाळ. फिल्म कुठं तुटली आणि नळी कोरडी पडली की तिथं आधी खपली धरते, खपलीवर फिल्म नीट पसरत नाही, मग परत कोरडं.

नळीच्या आतल्या बाजूला नियम उलटे होतात का?

अस्थिरता तीच, घेराचीच अट, फक्त आत असल्यामुळे उंचवटे समोरासमोर येऊन भेटू शकतात आणि नळीच बंद होते. फिल्म त्रिज्येच्या सुमारे १२ टक्क्यांपेक्षा जाड असली की असा बूच बसतो. फुप्फुसातल्या बारीक वायुनलिकांमध्ये हे खरंच घडतं, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांमध्ये पृष्ठताण कमी करणारा सर्फॅक्टंट पुरेसा तयार झालेला नसतो, श्वासाच्या त्रासाचं मूळ तिथं आहे.

कोटिंगचं काम आहे, थिअरी नको, मणी थांबवायचे कसे ते सांगा.

थर एकदम जाड देऊ नका, दोन-तीन पातळ हात द्या, जाडीचा घन तुमच्या बाजूनं वापरा. दुसरं, मणी व्हायच्या आत सुकवा किंवा क्युअर करा, म्हणजे थर पक्का करा. ऑप्टिकल फायबरवर हेच करतात, १२५ मायक्रॉनची काच, कोटिंगनंतर सुमारे २५० मायक्रॉन, आणि ओलं कोटिंग सेकंदाच्या छोट्या भागात यूव्ही दिव्याखाली पक्कं होतं. एवढ्या बारीक त्रिज्येला उशीर केलात तर चौथा घात वसूल करतो.

तिसरं, कणांनी फक्त दाटपणा आणण्यापेक्षा यील्ड स्ट्रेस येईल असं बघा, म्हणजे ठरावीक जोर लागल्याशिवाय न हलणारा द्रव. चांगला पेंट ब्रशखाली पातळ वागतो आणि ब्रश उचलला की थबकतो, तो गुण. दाट पण यील्ड स्ट्रेस नसलेला द्रव उशिरा का होईना मणी करणारच, यील्ड स्ट्रेसवाला पृष्ठताणाच्या ओढीला पुरून उरला तर करणारच नाही. माझ्या मते स्लरीच्या कामात कणांची टक्केवारी वाढवत बसण्यापेक्षा यावर पैसे घालावेत. आणि सामान ठेवून दिलेलं असेल तर तळापासून ढवळा, वरवर काठी फिरवून नाही, नाहीतर आख्ख्या बॅचमध्ये कणांचं प्रमाण वर एक आणि खाली एक.

घरी बघता येईल का?

मस्त बघता येतं. मासे पकडायची अर्ध्या मिलिमीटरची तंगूस घ्या, एरंडेल तेल आणि पांढरी रांगोळी. तंगूस दोन खुर्च्यांमध्ये आडवी ताणून बांधा, मागे काळा कागद लावा. आधी नुसत्या तेलात बुडवलेल्या कापडानं किंवा बोटांच्या चिमटीनं तारेवर तेल ओढा. थर साधारण ०.१ मिलिमीटर बसला तर तीनेक मिलिमीटरवर मणी येताना दिसतील, काही सेकंदांत. मोबाइलचा स्लो मोशन लावला तर पातळ जागा पातळ होत जाताना दिसतात.

मग तीन चमचे तेलाला एक चमचा रांगोळी. पण चमचाभर पुडीत निम्मी तर हवाच असते, म्हणजे कणांचं खरं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास, ५० टक्के वगैरे समजू नका. रांगोळी दगडाची, तेलाच्या पावणेतीन पट जड, तरी १०० मायक्रॉनचा कण एरंडेलात मिनिटाला मिलिमीटरपेक्षा कमीच उतरतो, त्यामुळे ढवळल्यावर लगेच केलंत तर बसायची भीती नाही. परत ओढा. मणी आता उशिरा येतील, अंतर बहुतेक तसंच. आणि मण्यांच्या मधल्या पातळ भागाकडे जवळून बघा, भिंग असेल तर उत्तम, तिथं तेल जवळजवळ नितळ झालेलं असतं, पांढरं सगळं मण्यांत गेलेलं, आणि एखाद-दुसरा मोठा कण मधेच तारेला चिकटून बसलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना तेलाचा छोटा उतार. रांगोळी चाळून घेतली आणि न चाळता घेतली असं दोन्ही करून बघा, न चाळलेलीत मण्यांची ओळ जास्त वेडीवाकडी येते.

आता तंगूस उभी धरा, वरून थोडं थोडं मिश्रण सोडा आणि खाली पडणारा प्रत्येक थेंब बघा. थेंब सुटताना त्याची मान बारीक होते, आणि मान कणाच्या मापाजवळ आली की शेवटचा टप्पा एकदम घाईचा होतो, कारण मानेत आता कणच उरलेले नसतात, नुसतं तेल असतं.

एरंडेल नाही, ग्लिसरीन चालेल?

चालेल, पण बाटली उघडी ठेवू नका, ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पातळ होतं, पावसाळ्यात तर फारच लवकर, मग कालचा वेळ आणि आजचा वेळ जुळत नाही आणि तुम्ही उगाच रांगोळीला दोष देत बसाल.